चौरस्त्यावरील सायकलस्वार

सायकल ही गाडी आहे किंवा नाही, हा प्रश्न इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायासनापुढे १८७९ साली उपस्थित झाला, तेव्हा त्याच्या निर्णयासाठी न्यायाधीशांना चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका कायद्याचा आधार घ्यावा लागला. कारण रस्त्यावरील वर्तनाविषयीचा जो मुख्य कायदा तेथे अंमलात होता तो १८३५ सालचा, म्हणजे पायडल मारून चालवावयाची सायकल बाजारात येण्याच्या कितीतरी आधीचा होता, आणि त्यात घोडागाड्या, खटारे व ओझ्याची जनावरे यांचा विचार झालेला असला तरी या नव्या वाहनाचा विचार होणे शक्यच नव्हते. लंडनच्या उत्तरेस मसवेल हिल नावाची चढण आहे. तेथे एका स्वाराने बेफाम वेगाने सायकल हाकली म्हणून त्याला दंड झाला, आणि सायकल ही कायद्याच्या दृष्टीने गाडीच नसल्यामुळे गाडी बेफाम हाकल्याचा आरोप आपल्याला लागू होत नाही, असा बचाव घेऊन तो वरच्या न्यायालयात गेला. न्यायाधीशांनी बचाव अमान्य केला आणि सायकल ही गाडी ठरली. परंतु पुढच्याच वर्षी एका टोलनाक्यावरील पथकराचा तंटा त्याच न्यायासनापुढे आला, तेव्हा त्या नाक्याच्या कायद्यात ज्या गाड्यांवर कर सांगितला आहे त्यांत सायकल बसत नाही, असा निवाडा झाला. दोन्ही निवाडे आपापल्या कायद्याच्या अक्षराला धरून होते व त्यांत न्यायाधीशांचा दोष काही नव्हता. पण रस्त्यावर आपण नेमके कोण, हे मात्र त्या स्वाराला कोणी सांगितले नाही, आणि ते न सांगितल्याचा खरा परिणाम जेथे दिसावयाचा ते ठिकाण म्हणजे चौरस्ता.

सरळ रस्त्यावर कोणतेही वाहन आपल्या कडेने गेले की पुष्कळसे निभावते. चौरस्त्यावर प्रत्येकाचा मार्ग दुसऱ्याच्या मार्गाला छेदतो आणि कोणी तरी थांबल्यावाचून दुसऱ्याला जाता येत नाही; म्हणून कोणी थांबावयाचे, किती वेळ थांबावयाचे आणि कोणत्या खुणेवरून निघावयाचे, याचा नियम तेथेच प्रथम करावा लागतो. हे नियम ज्या काळी तयार झाले त्या काळी ते करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घोडा होता आणि पुढे मोटार आली; गाडी ओढणारी शक्ती हाकणाऱ्याच्या देहाबाहेरची असते, हे त्यांनी गृहीत धरले होते. सायकलवर घोडाही तोच आणि सारथीही तोच. शिवाय तिची चाके फिरत असतात तोपर्यंतच तिचा तोल राहतो, आणि ती पूर्ण थांबली म्हणजे पाय जमिनीला टेकावा लागतो, पुन्हा निघताना साऱ्या शरीराचा भार एका पायडलवर द्यावा लागतो, व त्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ती सर्वांत अस्थिर असते. मोटार हाकणाऱ्याला थांबण्याने केवळ वेळ गमवावा लागतो. सायकलस्वाराला वेळेबरोबर बळही खर्चावे लागते आणि, सर्व गाड्या एकदम सुटतात त्या क्षणी, सुरक्षितताही. एवढी उघड गोष्ट कायद्याच्या ध्यानी येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

थांबण्याची खूण रस्त्यावर आली ती रेल्वेमार्गावरून. १८६८ सालच्या डिसेंबरात लंडनच्या पार्लमेंट चौकात जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वेतील अधिकाऱ्याच्या योजनेनुसार एक उंच खांब उभारण्यात आला. दिवसा त्याचे लाकडी हात वरखाली होत आणि रात्री त्यावर गॅसचे तांबडे व हिरवे दिवे लागत. पुरा महिना लोटतो न लोटतो तोच, १८६९ च्या जानेवारीच्या आरंभी, गॅसचा स्फोट होऊन खांबाजवळचा पोलीस शिपाई भाजला, आणि पुढे पन्नासाहून अधिक वर्षे लंडनच्या चौकांत पोलिसाचा हात हीच खूण राहिली. त्यानंतर १९२६ साली पिकॅडिलीत विजेचे दिवे आले, १९२७ साली वुल्व्हरहॅम्प्टन येथे ते आपोआप बदलू लागले. हातानेच इशारा करणारा शिपाई असेपर्यंत समोरून येणारा सायकलस्वार दमलेला आहे, त्याच्यामागे खटारा आहे, त्याला निघून जाऊ दिले तर कोणाचे बिघडत नाही, असा विवेक त्या चौकात शक्य होता. यंत्र बसल्यावर तो विवेक आकड्यांत बांधला गेला, आणि ते आकडे मोटारीच्या चालीवरून धरलेले होते. तीस मीटर रुंदीचा चौक ताशी चाळीस किलोमीटर वेगाची मोटार तीन सेकंदांच्या आत ओलांडते; ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीस त्यासाठी सात सेकंदांहून अधिक लागतात. हिरवा दिवा मावळताना न्यायाने चौकात शिरलेला सायकलस्वार, पिवळ्या दिव्याची तीन सेकंदे संपून आडव्या रस्त्याला हिरवा दिवा मिळतो तेव्हा, साधारण मध्यभागी असतो. त्याने नियम मोडलेला नसतो. नियम करणाऱ्याने त्याला मोजलेलेच नसते.

यांत्रिक खुणेच्या आधीचा काळ मात्र सायकलस्वारांच्या दृष्टीने अगदीच उदासीन नव्हता. १८७८ सालच्या एका कायद्याने इंग्लंडातील प्रत्येक काउंटीला सायकलींविषयी पोटनियम करण्याची मुखत्यारी दिली होती आणि त्यामुळे सकाळी घरून निघून संध्याकाळपर्यंत दोन-तीन काउंट्या ओलांडणाऱ्या स्वाराला प्रत्येक हद्दीत निराळा हुकूम पाळावा लागे. त्याच वर्षी हॅरोगेट येथे सायकलस्वारांनी आपली पर्यटनसंस्था स्थापन केली. तिला पुढे १८८३ साली ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ हे नाव मिळाले. या आणि अशा संस्थांच्या खटपटीनंतर १८८८ सालच्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यात पंच्याऐंशीवे कलम घातले गेले, व त्याने काउंट्यांचे निरनिराळे पोटनियम रद्द करून साऱ्या देशासाठी सायकल ही गाडी होय असे एकदाचे जाहीर केले. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत पुढे दिवा हवा, दुसऱ्याच्या पुढे जाताना घंटा किंवा अन्य आवाजाने इशारा हवा, आणि चूक झाल्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड, एवढीच त्या कलमाची मागणी होती. त्यात चौरस्त्याचे नाव नाही. तरीही गाडीचा दर्जा स्वीकारण्यात त्या पिढीने मोठा शहाणपणा दाखवला असे मला वाटते. कारण जो गाडी आहे त्याला रस्त्यावरून हाकलून देता येत नाही, आणि रस्त्यावर राहण्याचा हक्क एकदा हाती असला म्हणजे चौकात कोणी आधी जावे हा वाद पुढे कधी तरी घालता येतो.

ज्या १८८८ साली हे कलम मंजूर झाले त्याच साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि त्याच साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्करांच्या पुढल्या साऱ्या कारखानदारीचे मूळ त्या दुकानात आहे हे मराठी वाचकास सांगावयास नको. सायकलीपाठोपाठ इंग्रजी नियमही इकडे आला. डाव्या बाजूने चालणे, अंधार पडल्यावर दिवा, इशाऱ्याची घंटा, हे सारे त्या इंग्रजी कायद्याचे वंशज होत. त्यात नगरपालिकांच्या वाहनकराची भर पडली, आणि वर्षाच्या वर्षाला कर भरून सायकलीला पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला लावून घेणे हे पुणे, सातारा, कोल्हापूर यांसारख्या गावांतल्या गृहस्थाच्या वार्षिक कर्तव्यांपैकी एक होऊन बसले. तेलाची बत्ती वाऱ्याने विझली, डायनॅमोचा दिवा चौकात सायकल थांबताच मालवला, मागे डबलसीट बसलेला मित्र शिपाई दिसताच उडी मारून उतरला, अशा आठवणी त्या पिढीच्या कोणत्याही माणसाजवळ सापडतील. यांतील डायनॅमोची आठवण वाटते तितकी क्षुल्लक नाही. चाकाच्या फेऱ्यावर पेटणारा तो दिवा, स्वार नियमाप्रमाणे चौकात उभा राहिला की नेमका त्याच वेळी त्याला अंधारात टाकीत असे. म्हणजे थांबण्याचा नियम आणि दिव्याचा नियम हे दोन्ही एकाच वेळी पाळणे त्या साधनाने अशक्य होते, आणि दंड मात्र दोहोंसाठी होता.

कराच्या बिल्ल्याची गोष्ट निघाली म्हणून हॉलंडचा दाखला येथे देणे उचित होईल, कारण ज्या देशाला आज जग सायकलस्वारांचे माहेर समजते तेथेही हा बिल्ला होता. १९२४ साली डच सरकारने सायकलीवर कर बसवला आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूची एक छोटी पट्टी प्रत्येक सायकलीस लावणे सक्तीचे केले. मंदीच्या वर्षांत बेकारांना ती मोफत मिळे, पण मोफत पट्टीला मधोमध एक भोक पाडलेले असे, आणि त्या भोकामुळे माणसाचे दारिद्र्य रस्त्यावरच्या कोणालाही वाचता येई. १९४१ साली जर्मन अमलात हा कर बंद झाला. कर गेला, परंतु चौरस्त्यावरील पायरी खालचीच राहिली. डच नियमाप्रमाणे दोन समान रस्ते मिळतात तेथे उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावयाची. मात्र हा मान मोटारीने मोटारीला द्यावयाचा होता, आणि उजवीकडून आलेल्या सायकलस्वाराने डावीकडून येणाऱ्या मोटारीसाठी थांबावयाचे होते. ज्या देशात शाळेतल्या मुलापासून मंत्र्यापर्यंत सर्व जण सायकलीवर बसतात, त्या देशात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हा नियम टिकला. १९७० नंतरच्या दशकात रस्त्यांवर मुले मरू लागली म्हणून आईबाप रस्त्यावर बसले, ‘बालहत्या थांबवा’ अशी हाक देणारी त्यांची चळवळ देशभर पसरली, स्वतंत्र सायकलमार्ग बांधले गेले. तरी उजवीकडच्या सायकलस्वाराला मोटारीइतकाच मान मिळण्यास १ मे २००१ हा दिवस उजाडावा लागला. रस्ता बांधणे ही खर्चाची बाब आहे आणि खर्च सरकारे करतात. पण चौकात कोणी कोणासाठी थांबावे हे ठरवणे म्हणजे दोन नागरिकांच्या प्रतिष्ठेची तुलना करणे असते, आणि तेथे कचरण्याची प्रवृत्ती डच लोकांतही होती, हे मला फार बोलके वाटते.

इंग्लंडात त्या डच कराच्या सुमाराचा, म्हणजे दोन महायुद्धांमधला, काळ मोठ्या संघर्षाचा गेला. १९३१ सालच्या एप्रिलात एक पेनी किमतीची ‘हायवे कोड’ ही पुस्तिका निघाली आणि हातांच्या खुणांचे शिक्षण घरोघरी पोहोचले. त्या खुणा सायकलस्वाराला विशेष कठीण, कारण वळताना हात सोडावा लागतो आणि ब्रेक त्याच हाताखाली असतो. तरीही ते शिक्षण आवश्यक होते व त्याने पुष्कळ जीव वाचले असतील. परंतु मोटारींची संख्या एवढ्या झपाट्याने वाढत होती की १९३४ या एका वर्षी ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षाच्या डिसेंबरात वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यू या रस्त्यालगत देशातील पहिला स्वतंत्र सायकलमार्ग खुला केला. तो सुमारे अडीच मैलांचा होता. सायकलस्वारांच्या जुन्या संस्थेने त्याचे स्वागत करण्याऐवजी त्यास विरोध केला, आणि हा विरोध आज अनेकांना हट्टाचा वाटतो; पण त्या लोकांची शंका चौरस्त्याविषयी होती. स्वतंत्र मार्ग मधल्या पट्ट्यात सुरक्षित असेल, परंतु प्रत्येक आडव्या रस्त्यापाशी तो तुटतो, आणि तेथे मुख्य रस्त्यावरच्या मोटारीला जो पुढे जाण्याचा हक्क असतो तो शेजारच्या मार्गावरील सायकलीला उरत नाही. १८८८ साली मिळवलेला गाडीचा दर्जा अशा रीतीने प्रत्येक नाक्यावर थोडाथोडा गहाण पडेल, ही त्यांची भीती होती. हॉलंडने पुढे नाके नीट बांधून ही भीती अनाठायी ठरवली. इंग्लंडने नाके बांधले नाहीत, आणि तेथे ती खरी ठरली.

युद्धानंतर मोटारीच्या राज्यात सायकलस्वाराचा विचारच मागे पडला. चौकातील दिवे कोणत्या बाजूला गाडी आली आहे हे ओळखून बदलावेत म्हणून रस्त्याच्या पोटात तारेची वेटोळी पुरण्यात येऊ लागली. धातूचा मोठा गोळा वर आला म्हणजे त्या तारेला कळते. सायकलीत धातू तो किती! पुष्कळ चौकांत तारेला तिचा पत्ताच लागत नसे, आणि मध्यरात्री एकटा उभा असलेला स्वार मागून एखादी मोटार येईपर्यंत तांबड्या दिव्यापुढे खिळून राही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००२ साली कायदा करून अशा स्वाराला, योग्य वेळ वाट पाहिल्यावर व रस्ता मोकळा असल्यास, पुढे जाण्याबद्दल बचाव घेण्याची मुभा दिली. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी, कोणाच्याही ध्यानीमनी नसता, आयडाहो नावाच्या डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या राज्यात याहून मूलगामी गोष्ट घडून गेली होती.

१९८२ साली आयडाहोत वाहतुकीचा सारा कायदा नव्याने लिहिला जात होता. किरकोळ वाहतूकदोष हे गुन्हे न मानता दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन मानावेत, असे ठरले होते, आणि त्या बदलामुळे सायकलस्वारांचे लहानसहान खटले न्यायालयांत साचू लागतील अशी दंडाधिकाऱ्यांना चिंता होती. राज्याच्या न्यायालयांचे प्रशासकीय संचालक कार्ल बियांकी यांनी त्यावर तजवीज सुचवली ती अशी: जेथे थांबण्याची पाटी आहे तेथे सायकलस्वाराने वेग कमी करावा, दुसऱ्या कोणाचा हक्क असेल तर थांबून त्याला वाट द्यावी, आणि कोणी नसेल तर चाक न थांबवता निघून जावे. कायदेमंडळाने ती मान्य केली. पुढे २००५ साली दुरुस्ती होऊन तांबड्या दिव्याबाबत नियम अधिक कडक झाला. तेथे स्वाराने पूर्ण थांबावे, सर्वांना वाट द्यावी आणि मगच सावधपणे जावे. कायदा झाल्याच्या पुढल्या वर्षी त्या राज्यात सायकलस्वारांच्या दुखापतींत साडेचौदा टक्के घट झाली, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. तिचे सर्व श्रेय नव्या नियमास देणे रास्त होणार नाही, पण ज्यांनी रक्तपाताचे भाकीत केले असेल त्यांचे भाकीत खोटे ठरले एवढे निश्चित. आणि तरीही दुसऱ्या राज्याने, म्हणजे डेलावेअरने, थांबण्याच्या पाटीपुरते तसे पाऊल उचलण्यास २०१७ साल उजाडले. पस्तीस वर्षे एकच राज्य या नियमाने चालले, हे नियमाच्या चुकीचे प्रमाण नसून नियम करणाऱ्यांच्या भिडेचे प्रमाण आहे, असे माझे मत आहे.

या नियमात मला जे थोर वाटते ते हे, की त्याने सायकलस्वाराला कोणतीही सूट दिलेली नाही. चौकात दुसऱ्याला वाट देण्याचे कर्तव्य त्याच्यावर पूर्ववतच आहे, पादचाऱ्याच्या बाबतीत तर ते अधिकच आहे. सोडला आहे तो फक्त रिकाम्या चौकात पाय टेकण्याचा आग्रह. उंच आसनावर बसलेल्या, कानावर काचेचा पडदा नसलेल्या आणि मंद चालीच्या माणसाला चौकाच्या तोंडाशी जे दिसते व ऐकू येते ते मोटारीत बसलेल्यास नाही, ही वस्तुस्थिती प्रथमच कायद्याने विचारात घेतली. पॅरिस शहराने २०१२ पासून काही चौकांत एक छोटी त्रिकोणी पाटी लावून, पादचाऱ्यांना वाट देऊन, तांबड्या दिव्यातही सायकलस्वारास वळण्याची मुभा दिली. ऑक्सफर्डने १९८४ सालीच मोटारींच्या थांबण्याच्या रेषेपुढे सायकलींसाठी निराळी रेषा आखली होती, म्हणजे दिवा हिरवा होताच सायकलस्वार सर्वांच्या नजरेसमोर राहतो आणि आधी सुटतो. कोपनहेगनच्या नॉरेब्रोगाडे रस्त्यावर दिव्यांची साखळी ताशी वीस किलोमीटरच्या चालीला जुळवून दिली, आणि त्या वेगाने जाणारा स्वार सकाळी गावात येताना कोठेच थांबत नाही. दिव्याचे आकडे बदलता येतात, हे मान्य करण्याचाच काय तो अवकाश होता.

डेन्मार्कचा आणखी एक नियम आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा आहे. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. डावीकडे वळू इच्छिणाऱ्या सायकलस्वाराने चौकाच्या मध्यात शिरावयाचे नाही, तर आपल्या कडेने सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जावयाचे, तेथे थांबावयाचे आणि मग आडव्या वाहतुकीबरोबर दुसऱ्या टप्प्यात डावीकडे निघावयाचे. आपण डाव्या बाजूने चालतो, तेव्हा हाच नियम आपल्या उजव्या वळणाला लावावा लागेल. पुण्याच्या कोणत्याही मोठ्या चौकात संध्याकाळी उभे राहिल्यास असे दिसेल की कामावरून परतणारे सायकलस्वार कोणी न शिकवता नेमके हेच करतात. काही जण उतरून सायकल हातात धरून दोन्ही रस्ते पायी ओलांडतात. त्यांच्या या शहाणपणाला कायद्यात जागा नाही, पलीकडच्या कोपऱ्यात त्यांना उभे राहावयास आखलेली जागा नाही, आणि डावीकडे मोकळे वळण असलेल्या चौकांत, सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराच्या पुढून वळणाऱ्या मोटारींचा जो अखंड ओघ असतो त्याला खंडही नाही.

यासाठी नवा कायदा संसदेत मांडावा लागेल अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. १९३९ चा आणि नंतरचा १९८८ चा मोटार वाहन कायदा यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनांसाठी आहे, आणि सायकल त्या व्याख्येबाहेर राहते. आपल्या राज्यात तिच्यावरील अंमल प्रामुख्याने १९५१ च्या पोलीस अधिनियमाचा. त्याच्या तेहतिसाव्या कलमाने पोलीस आयुक्तास आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यास रस्त्यावरील सर्व प्रकारच्या वाहतुकीचे नियमन करणारे नियम काढण्याची मुखत्यारी दिली आहे. दिव्याची वेळ ठरवण्यासाठी ही मुखत्यारी पुरेशी असेल, तर उजवे वळण दोन टप्प्यांत घेण्याचा नियम, मोटारींच्या पुढे सायकलींची थांबरेषा आणि आडव्या रस्त्याला हिरवा दिवा देण्यापूर्वी चार सेकंदांची अधिक मोकळीक, एवढ्या तीन गोष्टींसाठीही ती पुरेशी आहे. पहिला प्रयोग शाळांच्या जवळच्या चौकांत करावा, आणि तो शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळांपुरता मर्यादित न ठेवता पूर्ण दिवसासाठी करावा, कारण सकाळी दूध पोहोचवणारा आणि रात्रपाळीहून परतणारा पहारेकरीही त्याच चौकातून सायकलवरच जातो.